दीपाची पात

बाभुळगावला मी नकाशा आणायला गेलो होतो, दुसरं काही काम नव्हतं. तुम्ही जवळ बसला आहात, दिव्यात तेलही आहे, म्हणून सांगतो. घरात मी ही गोष्ट काढत नाही. का काढत नाही ते शेवटी तुमच्या लक्षात येईल.

आमच्या नाल्याकाठच्या वावरातून कालवा जाणार होता. मोजणीवाले येऊन लाल झेंड्या रोवून गेले. त्यातली एक झेंडी बांधावरच्या कडूनिंबाला अगदी चिकटून होती, आणि त्या निंबाखाली आमची दीपा आहे. एकुलती एक पोर. तिथेच तिला पुरलं आणि वर निळा रंग दिलेला लहानसा ओटा बांधला. झेंडी पाहिल्यापासून तुळसाबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या घशाखाली घास उतरेना. मी कचेरीत गेलो. तिथला बाबू भला माणूस होता. म्हणाला, "बाबा, तोंडी सांगून कालवा वळत नाही. हरकतीचा अर्ज द्या, त्याले गटाचा नकाशा लावा अन् समाधी कुठं हाय ते त्यावर दाखवा. नकाशा आता कॉम्प्युटरवर भेटते."

म्हणून मी निशिगंधाच्या कॉम्प्युटर सेंटरवर गेलो. तहसीलच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. पुंडलिकरावांची ती सून. पुंडलिकरावांचं वावर आमच्या शिवेला लागून, त्यामुळे ती मला ओळखायची.

"या आबाजी. बसा. बाजाराले आलते?"

"नाई बाई. नकाशा पाह्यजे वावराचा."

काम ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "गटाचा नकाशा तर काढूच. वरून काढलेला फोटो बी सोबत लावू. सायबाले निंब दिसंल, ओटा दिसंल. पण उतरवायले टाइम लागते."

"कुठून उतरवतं?"

"वरतूनच. आभाळात यंत्र फिरून राह्यलं, ते फोटो काढते. सरकार तो साइटवर ठेवते. अन् आपण इथं उतरवून घ्यायचा."

"म्हणजे माळ्यावरून कडबा उतरवल्यासारखं."

ती हसली. "तसंच समजा. फक्त आमचा कडबा आज बैलगाडीनं येऊन राह्यला. नेट लय हळू हाय."

तिने चहा सांगितला. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. एक पट्टी यायची, थांबायची, मग दुसरी. आधी पुंडलिकरावांची विहीर आली, मग आमच्या घराचे पत्रे. आपलं घर असं वरून पाहिलं की जीव कसनुसा होतो. एवढंसं दिसतं, कोणी विसरून गेल्यासारखं. मग नाला आला, आणि निंबाचा हिरवा ठिपका.

"अरे वा, आबाजी! कापूस तं झकास फुटला तुमच्या वावरात. अन् तुम्ही सांगता पडीत हाय!"

मी चष्मा पुसला. निंबाच्या अंगाला, बांधाला लागून, एक लांब पांढरी पट्टी होती. बाकी वावर काळं.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. कापसाची ती फार वाईट वर्षं होती. गावोगावची घरं मुकी झाली होती. वेचणीला बायका मिळत नव्हत्या, म्हणून तांड्यावरच्या सुखीबाईला आणि तिच्या सोबतिणींना मी हातापाया पडून आणलं होतं. दीपाही त्यांच्यात उतरली. वेचणाऱ्या बाईने दोनचार ओळींचा पट्टा धरला की त्याला आम्ही पात म्हणतो. धरलेली पात अर्धी टाकून बाई उठत नाही. दीपाची पात निंबाला लागून होती. दुपारी तिला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. गाडी जुंपली, निघालो, पण दवाखान्यापर्यंत पोर पोचली नाही.

त्यानंतर त्या वावरात कोणी पाऊल टाकलं नाही. फुटलेला कापूस झाडांवरच लोंबत राहिला, वाऱ्याने गेला, पावसाने कुजला. पुढच्या साली मी नांगर काढला तर तुळसाबाई बैलांच्या समोर येऊन उभी राहिली. तेव्हापासून ते वावर पडीत आहे. गवत आणि तरोटा, दुसरं काही नाही. वरच्या तुकड्यातल्या तुरीवर आमचं दोघांचं भागतं.

म्हणून मी निशिगंधाला म्हणालो, "हे वावर आमचं नसंल, बाई."

तिने गटाचा नकाशा आणून त्या फोटोवर ठेवला. चारही बांध बरोबर बसले.

"मंग गवत असंल," ती म्हणाली. "वाळलं की पांढरं दिसते." पण ती शेतकऱ्याच्या घरात वाढलेली पोर. तिने फोटो मोठा केला आणि बोलायची थांबली. गवत ओळीत उगवत नाही.

"थांबा, मागच्या सालचा पाहू. साइटवर जुने बी असतात."

मागच्या सालचा फोटो उतरला. त्यात पांढरं जास्त होतं, चांगल्या तीनचार पाती. त्याच्या मागच्या साली त्याहून जास्त. ती एकेक साल मागे जात राहिली आणि वावर पांढरं होत गेलं. अगदी जुन्या फोटोत ते या बांधापासून त्या बांधापर्यंत भरून फुटलेलं होतं. दीपा गेली त्या दिवशी होतं, तसं.

आता निशिगंधाने फोटो पुढच्या सालांकडे आणायला सुरुवात केली. काळं वाढत गेलं. एक पात संपली की तिच्या शेजारची.

"आबाजी..." ती अगदी हळू म्हणाली, "हे कोणी... वेचून राह्यलं काय?"

मी खुर्ची मागे सारली.

"एकटंच माणूस हाय. पाहा ना... एका वेळी एकच पात..."

"बंद कर, माय," मी म्हणालो. "नकाशाचा कागद तेवढा दे."

आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. भूतखेत, अंगारे-धुपारे आम्ही मानत नाही. आजही मानत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

एस्टीतून उतरलो आणि घरी न जाता वावरात गेलो. उन्हं कलली होती. गवत कमरेएवढं, तरोट्याच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. कापसाचं एक झाड नव्हतं. मी मनाशी म्हणालो, यंत्राची चूक असेल, यंत्रही चुकतं. आणि निंबाकडे चालायला लागलो.

बांधाजवळ आलो तसा वास आला. ताज्या वेचलेल्या कापसाचा, ऊन प्यालेला, कोरडा, थोडा पाल्याचा. ज्याने गंजीवर लोळून लहानपण काढलं त्याला तो वास दुसऱ्या कशाचा वाटणार नाही. तिथलं गवत एका सरळ रेषेत दबलेलं होतं. दोन ओळींमधून बाई पुढे सरकत गेली की दबतं तसं. फोटोनंतर बरीच पुढे सरकून ती रेषा निंबाच्या थोडी अलीकडे थांबली होती. फार नाही, बैलगाडीच्या लांबीएवढं गवत मधे उभं होतं.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू? मला रडू आलं. पोरीने वर्षानुवर्षं त्या उन्हात एकटीने वेचलं, सगळ्या जणी टाकून गेलेल्या पाती एकेक करून पुऱ्या केल्या, आणि आम्ही बांधावरूनच तिच्या ओट्याला निळा रंग देऊन परतत होतो.

परतताना तांड्यावरून आलो. सुखीबाई दारात बसून मिश्री लावत होती. आता फार म्हातारी झाली आहे, पण जीभ तशीच.

"आज इकडं कसा रे, धर्मपाल? रस्ता चुकला काय म्हातारपणी?"

मी तिच्यापाशी बसलो. सगळं सांगितलं नाही, कॉम्प्युटरचं तर नाहीच. एवढंच म्हणालो, "सुखीबाई, दीपाची पात अजून चालूच हाय, असं वाटते मले."

तिने मिश्रीचं बोट थांबवलं.

"त्या दिवशीचा कापूस मोजलता तू?"

"तुमचा मोजला ना दुसऱ्या दिवशी, घरी अंगणात. तूच तं उभी होती काट्यापाशी."

"आमचा मोजला. तिचा?"

"तिच्या कमरेच्या ओटीतला कापूस तिच्या उशालेच देलता गाडीत. अन् घरच्या पोरीचा कापूस कोण मोजते, सुखीबाई?"

"हाव. कोण मोजते!" ती एकदम चिडून म्हणाली. "म्हणूनच भांडायची ना ते तुह्याशी. 'साऱ्याइचा मोजतं, नाव घेऊन सांगतं, अन् माहा गाठोडा नुसता गंजीवर फेकतं. मी काय फुकट वेचून राह्यली, बा?' असं म्हणायची का नाही?"

म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

"वेचणारीचं नाव घेऊन वजन सांगतल्याशिवाय ते कंबर सोडत नाही," सुखीबाई म्हणाली. "घरी जाऊ काय, असं विचारत बी नाही. उभी राह्यते, नाहीतर दुसरी पात धरते. तुले माहीत नाही काय हे?"

मला माहीत होतं. आमच्या भागातल्या कोणालाही माहीत आहे. संध्याकाळी निंबाला काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं अडकवायचं, मोठ्याने नाव आणि वजन सांगायचं. बाई 'हाव' म्हणते, कमरेची ओटी सोडते आणि घरी जाते. फक्त घरच्या पोरीला हे कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छपरातून काटा खाली काढला. तुळसाबाई तूर पाखडत होती.

"काटा कायले?"

"गंज चढला हाय. तेल द्यायले नेतो."

तिने पाखडणं थांबवलं. सूप ठेवलं, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दीपाचा ओटीचा फडका होता, हिरव्या काठाचा, धुऊन घडी घातलेला.

"हे बी न्या," म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी वावरात पोचलो तेव्हा दिवस बुडायला थोडा अवकाश होता. निंबाच्या अलीकडे कालपर्यंत उभं असलेलं गवत आज दबलेलं होतं. पात पुरी झाली होती.

वारा नव्हता. होले घुमत होते, तेही थांबले. मी फांदीला काटा बांधला. फडक्याची चार टोकं एकत्र करून गाठ मारली आणि रिकामं गाठोडं हुकाला अडकवलं. ते चिंधीसारखं लोंबत राहिलं. काट्याची सुई शून्यावर. मला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा माणूस पडीत वावरात उभा राहून रिकामा फडका मोजतो आहे, कोणी पाहिलं तर काय म्हणेल?

मग निंबाची फांदी करकरली.

सुई हलली. झटक्याने नाही. कोणी ओंजळी ओंजळीने ओतत असावं, तशी थोडी थोडी खाली सरकत गेली. फडका तसाच रिकामा दिसत होता. फांदी वाकत होती. पानांचा झुबका माझ्या खांद्याला येऊन टेकला, इतकी वाकली. आणि तो वास... तो आता वासच राहिला नव्हता, घशात कापसाचे तंतू जावेत असं झालं.

कोणीतरी माझ्या डाव्या हाताला उभं होतं. मी वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं असं कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच्याने झालं नाही. दिवसभर उन्हात वाकून काम केलेल्या माणसाचा श्वास कसा असतो, दमलेला, नाकातून येणारा, तसा येत होता. मी त्या श्वासाला ओळखलं.

सुई थांबली. आता मी आकडा सांगायचा होता.

माझं तोंड उघडेना. आकडा सांगितला की ती कंबर सोडणार, जाणार. जोवर मी गप्प आहे, तोवर ती हाताच्या अंतरावर उभी आहे. इतक्या वर्षांनी. मी काट्याकडे नुसता पाहत राहिलो. उजेड कमी झाला, सुई दिसेनाशी व्हायला आली. डाव्या हाताला कोणी पाय बदलला. दमलेलं माणूस उभं राहून राहून बदलतं, तसा.

तेव्हा मला जाणवलं, मी तिला पुन्हा उभंच ठेवलं आहे.

"दीपा धर्मपाल," मी म्हणालो आणि आकडा सांगितला. किती ते सांगत नाही. एका पोरीने एका हंगामात वेचावा एवढा तो नव्हता. मग माझ्या तोंडून निघालं, "लय भरला, बाई. आता घरी चाल."

'हाव' ऐकू आलं की नाही, मी सांगू शकणार नाही. फांदी एकदम वर गेली. फडका जमिनीवर पडला आणि मी मारलेली गाठ सुटलेली होती.

अर्ज मी दिलाच नाही. मोजून झालेला कापूस कोणी वावरात ठेवत नाही. कालवा येऊ दे, निंब जाऊ दे, पोर तिथे राहिली नाही, असं मी मनाला सांगितलं. तुळसाबाईला म्हणालो, "अर्ज देत नाही." ती म्हणाली, "नका देऊ." त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मला वाटलं, झालं. सुटली पोर.

पुढे चारसहा महिन्यांनी बाजाराच्या दिवशी बाभुळगावला होतो. निशिगंधाने दुकानातून हाक मारली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"आबाजी, मी पाह्यचं नाही म्हणत होती, पण राहवलं नाही. तुमच्या वावराचे दोन नवीन फोटो आले साइटवर."

"सारं काळं असंल."

"हाव. वावरात काहीच नाही. पण..."

तिने पहिला फोटो लावला. वावर स्वच्छ काळं होतं. निंबापासून एक बारीक पांढरी रेघ निघाली होती, गाठोड्यातून कापूस सांडत जावा तशी. नाला ओलांडून, पांदणीच्या वाटेने, ती सरळ आमच्या घराच्या दाराशी येऊन थांबली होती.

मुलगी घरी आल्यावर बाप हसतो तसा मी हसलो. खरंच हसलो. मीच तिला म्हणालो होतो ना, घरी चाल म्हणून!

"हा आधीचा," निशिगंधा म्हणाली. "अन् हा... परवा आला."

दुसरा फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उतरला. घराकडे आलेली रेघ त्यात नव्हती. आमच्या दारातून आता दोन रेघा निघाल्या होत्या. एकमेकींना लागून, दोन माणसं सोबत चालतात तशा. पांदणीने त्या नाल्यापर्यंत गेल्या होत्या. नाल्याच्या पलीकडे काही नव्हतं.

"आबाजी, एक आली... अन् दोन गेल्या?"

"पायवाट असंल, माय," मी म्हणालो. "गुरं जातात तिकडून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "घरी कोण कोण असता तुम्ही?"

"दोघंच."

घरी आलो तर तुळसाबाई चुलीपाशी होती, भाकर थापत होती. विस्तवाचा उजेड तिच्या तोंडावर होता. "उशीर केला," म्हणाली. आम्ही जेवलो. पाणी तिने दिलं, मी घेतलं. दोघेही आहोत. दोघांच्याही सावल्या पडतात, मी पाहिल्या आहेत. फोटोचं मी तिला काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

पण तेव्हापासून ती दुपारची आडवी झाली की मी तिच्या नाकापाशी हात धरतो. अगदी हलके, तिला जाग येऊ नये असा. श्वास लागतो हाताला. ऊन असतो. मग मी बाजूला होतो आणि जरा पडतो.

परवा असाच माझा डोळा लागला होता. जाग आली तर उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती आणि तुळसाबाई माझ्यावर वाकली होती. तिचा हात माझ्या नाकापाशी होता. ती श्वास रोखून वाट पाहत होती.